तळमजल्यावरचा मोका

आमच्या लातूरच्या घरमालकीण काकूंना चहा पाजणं भल्याभल्यांना जमलं नाही. आपल्याकडे माणूस दारात आला की आधी पाणी आणि मागोमाग चहा. नको म्हणणाऱ्याला लोक एक तर आजारी समजतात, नाही तर रागावलेला. काकू नको म्हणायच्या आणि वर विचारायच्या, "कॉफी हाय का? मोका येतो का करायला?" समोरचा गडबडून जायचा. साठीची बाई, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, अंगावर इस्त्रीची इरकली साडी, आणि मागते काय, तर कॉफीत चॉकलेट घातलेलं पेय, तेही नावानिशी.

मी त्यांच्याकडे दोन वर्षं राहिले. किनवट तालुक्यातल्या इस्लापूरहून मी लातूरला गेले ती डॉक्टर व्हायला. डॉक्टर झाले नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागायला नको. आता नांदेडला एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि माझं बरं चाललंय. पण तेव्हा बारावीत चांगले मार्क पडले की पोरगी लातूरला क्लास लावायची, पहिल्या खेपेला नंबर लागला नाही की पुन्हा वर्षभर तोच क्लास लावायची, आणि अख्खं गाव तिच्या निकालाकडे डोळे लावून बसायचं. मी दुसऱ्या खेपेची. आमच्या बॅचला रिपीटर म्हणत. हा शब्द क्लासवाले ज्या सुरात उच्चारत तो ऐकला की आपण काही तरी चोरी केली आहे असं वाटायचं.

काकूंचं घर क्लासच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर होतं. तीन मजले, एकेका मजल्यावर चार खोल्या, खोलीत दोन मुली. काकूंनी एकाही मुलीला कधी नावानं हाक मारली नाही. गावाच्या नावानं मारायच्या. मी इस्लापूर. माझी रूममेट मुदखेड. खालच्या मजल्यावर एक निलंगा आणि दोन औसा होत्या. दोघी औशाच्या म्हणून एक मोठं औसा आणि एक धाकटं औसा. मी एकदा म्हटलं, "काकू, मला नाव आहे की." तर म्हणाल्या, "हाय की. पण दर साली नव्या पोरी येतेत, नव्या नावाच्या. गावं मातर तीच ऱ्हातेत. मला आपलं गाव बरं."

आणि या काकू स्वतःच्या घराच्या वरच्या मजल्यावर कधीही आल्या नव्हत्या. घर बांधून नऊ वर्षं झाली होती. वास्तुशांतीलासुद्धा त्या अंगणातच बसल्या होत्या म्हणे. पुण्याला इंजिनिअर असलेल्या त्यांच्या मुलानं घर बांधताना खांबांत किती सळया घातल्या, पाया किती खोल नेला, हे सगळं आईला समजावून सांगितलं होतं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खांब लई चांगले हायत. पोरी ऱ्हातील वर. मी न्हाई जायची." त्या अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याच्या खोलीत राहायच्या. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापायचा की आत भाकरी भाजता आली असती. कुणी काही बोललं की त्यांचं एक उत्तर ठरलेलं होतं. "पत्रा पडला तर खरचटतंय. स्लॅब पडला तर खरचटत न्हाई."

भूकंपाला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. काकूंचं सासर औशाच्या पलीकडचं, दगडी भिंतींचं आणि वर हातभर मातीचं माळवद असलेलं. त्या पहाटे नवरा आणि सासू गेली. काकूंना दुपारी ढिगाऱ्याखालून बाहेर काढलं. मुलगा लातूरला मामाकडे शिकायला होता म्हणून वाचला. एवढंच आम्हाला माहीत होतं, तेही निलंग्याच्या मुलीनं शेजाऱ्यांकडून काढलेलं. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. काकू स्लॅबखाली जायच्याच नाहीत असं नव्हे. बँकेत जायच्या, दवाखान्यात जायच्या. पण जिना दिसला की थांबायच्या. तळमजल्यावरून पळता येतं, वरून येत नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता.

याचा आम्हाला फायदा किती! वर काय चाललंय हे काकूंना दिसायचं नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिलेत. काकू खाली उभ्या राहून उंट हाकायच्या. अंगणातून आवाज द्यायच्या, "फरशी पुसली का? पोछा दाखवा." मग आम्ही ओलं फडकं गॅलरीतून हलवून दाखवायचो. भाजी, पत्रं, गावाकडून आलेले डबे त्या दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर पाठवायच्या. खोलीत इलेक्ट्रिक शेगडी वापरायची सक्त मनाई होती. प्रत्येक खोलीत एकेक शेगडी होती हे सांगायला नकोच.

आता रविवारच्या रिवाजाबद्दल. दर रविवारी सकाळी क्लासमध्ये टेस्ट असायची आणि संध्याकाळपर्यंत मार्क लागायचे. पहिल्या आलेल्यांचे फोटो क्लासच्या फलकावर चढायचे, त्यांना पेढे मिळायचे. काकूंचं उलटं होतं. आमच्या घरातल्या मुलींमध्ये जिला सगळ्यात कमी मार्क पडतील तिला त्या पुढच्या रविवारी मोका प्यायला घेऊन जायच्या. मोठ्या औशानं एकदा तक्रार केली की हा अन्याय आहे, तिला पहिला नंबर मिळूनही काही मिळालं नाही. काकू म्हणाल्या, "तुला पेढा भेटला की गं. हिला कोण इचारतंय?"

मी किती वेळा गेले ते विचारू नका. मुदखेड म्हणायची की मी मुद्दाम पेपर वाईट लिहिते. तसं नव्हतं. मला तसेच जमायचे.

लातुरात तेव्हा कॅफे नवे नवे निघत होते. क्लासच्या पोरापोरींना बसायला जागा हवी, म्हणून जुन्या गाळ्यांत रंगीत खुर्च्या टाकून, भिंतीवर कॉफीच्या बियांची चित्रं काढून लोक कॅफे काढत होते. काकूंना नव्या कॅफेची खबर सगळ्यात आधी लागायची. पहिला प्रश्न, "कितव्या मजल्यावर हाय?" खालचा असेल तर रविवारी आमची स्वारी निघायची. आत गेल्यावर काकू दाराशेजारचं टेबल निवडायच्या आणि खुर्ची अशी तिरपी घ्यायच्या की एक पाय उंबऱ्याबाहेर राहील. पाण्याचा ग्लास काठोकाठ भरून मागायच्या आणि तो न पिता समोर ठेवायच्या. वेटरला वाटायचं, बाईंचा काही उपास-नवस असेल. पण त्या मध्ये मध्ये पाण्याकडे बघत, थरथरतंय का ते. एका कॅफेत शेजारच्या रस्त्यानं रोडरोलर गेला तेव्हा काकू माझा दंड धरून रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, आणि माझ्या हातात अजून चमचा होता.

कप आला की आधी वास. मग एक घोट, तोंडात धरून. मग निकाल. त्यांचं माहेर कर्नाटकाच्या सीमेवरचं, त्यामुळे निकाल निम्मा कानडीत असायचा. बरा असेल तर "चालतंय", वाईट असेल तर "साकु", म्हणजे पुरे झालं, कप बाजूला. कधी काळी फारच आवडला तर "छलो" म्हणतील, असं मी ऐकून होते. माझ्यासमोर कधी म्हटलं नाही. एके ठिकाणी मोका म्हणून आइस्क्रीमचा गोळा तरंगत आला. साकु. एके ठिकाणी चॉकलेटचा पाक एवढा ओतला होता की चमचा उभा राहील. साकु. बसस्टँडकडच्या एका जुन्या चहावाल्यानं पाटी बदलून कॅफे केला होता, त्यानं सवयीनं मोक्यात आलं आणि वेलची कुटून घातली. काकूंनी त्याला जवळ बोलावलं आणि अगदी प्रेमानं सांगितलं, "भाऊ, तू आपला चहाच कर. तुझा हात चहाचा हाय." तो बिचारा हो म्हणाला.

इतकी काय ती मोक्याची ओढ, असं मी एका रविवारी त्यांना विचारलंच. त्या दिवशी माझे मार्क फारच लाजिरवाणे होते आणि माझं मन रमवायला असेल, काकू बोलल्या. तेवढं एकदाच.

भूकंपानंतर लोकांना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं. मदतीचे ट्रकवर ट्रक येत होते आणि त्यात काय असेल याचा नेम नव्हता. ऐन गर्मीत लोकरीचे कोट आले. एकदा टिनचे डबे आले, आत तपकिरी पूड, डब्यावर कुणालाच वाचता न येणारी अक्षरं. "आमच्या बायकांनी उघडून बघितलं. बारीक, तपकिरी, कडू. म्हणाल्या, मशेरी हाय! बाहेरदेशीची मशेरी! मशेरीवाचून बायकांचे हाल चालले होते की गं. समद्या लागल्या दात घासायला. शेडच्या समद्या बायकांचे दात काळेबोर. आन कुणाला तरतरी येईना. म्हणायल्या, बाहेरदेशीच्या मशेरीत काय दम न्हाई."

मी हसले. काकूही हसल्या. मग म्हणाल्या, "मीबी घासायले. मला तर काय करायले तेच कळत नव्हतं. बारा दिवस झालते. रडले न्हाई, जेवले न्हाई. कुणी म्हणलं दात घास, तर दात घासायले."

धारवाडकडची एक नर्सबाई तिथे आली होती. तिनं हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. काकूंना कानडी कळतं म्हणून त्यांनाच जवळ घेऊन सांगितलं की ही मशेरी नव्हे, कोको आहे, पोटात घ्यायची चीज. तिच्याकडे तिची कॉफी होती. मदतीतल्या दुधाच्या पावडरीचं दूध केलं, त्यात कॉफी आणि कोको. साखर नव्हती, म्हणून भांडं खाली उतरवून गूळ फोडून घातला. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, मगातून काकूंना पाजलं.

"तोंडाला चव आली," काकू म्हणाल्या, "आन मग रडू आलं. त्येच्या आदी आलंच नव्हतं. तिनं तो मगा धरला व्हता एका हातानं आन मला दुसऱ्यानं. दोन दिवसांनी तिची गाडी दुसरीकडं गेली. नाव बी इचारलं न्हाई मी तिचं. ती चव मातर पुन्हा भेटली न्हाई बघ. हुडकायले."

मला त्यांचा फार लळा लागला होता, आणि त्या दिवशी तर वाटलं, माझा नंबर लागो न लागो, या बाईला ती चव मिळायला हवी.

त्या वर्षी क्लासच्या एका बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर कॅफे निघाला. मालक पोरगा बंगळुरूला शिकून आलेला, मशीन आणलेलं, आणि जो तो म्हणायचा की असा मोका लातुरात झाला नाही. काकूंनी पहिला प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि विषय सोडून दिला. दोन दिवसांनी मला हाक मारली. "ए इस्लापूर, तू पळती चांगली. कप झाकून आणशील का?"

मी आणला. पोचेपर्यंत कोमट झाला, फेस बसला, चॉकलेट तळाला. "ह्याचं काय कळायचं?" काकू म्हणाल्या. दुसऱ्यांदा रिक्षानं आणला. रिक्षा सिग्नलला अडकली. तिसऱ्यांदा ज्या दिवशी गेले, त्या दिवशी सकाळच्या टेस्टचे मार्क माझ्या खिशात होते आणि मी क्लासच्या सरांच्या तोंडून नको ते ऐकून आले होते. कप घेऊन जिना उतरत होते, वरच्या वर्गाची बॅच सुटली, दोनशे पोरं अंगावर आली आणि कप पायऱ्यांवर उपडा. पोरं हसली. पुन्हा वर जाऊन दुसरा मागायचं माझं धाडस झालं नाही. तळाला चार थेंब राहिलेला रिकामा कप घेऊन मी तशीच घरी आले.

काकू अंगणात नव्हत्या, पूजेला बसल्या होत्या. मी वर तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत गेले. मुदखेडनं ड्रिंकिंग चॉकलेट समजून आणलेलं कोकोचं पाकीट होतं, कॉफीची पुडी होती, टोपलीतून आलेलं दूध होतं. शेगडी लावली. साखर संपलेली. आईनं इस्लापूरहून पाठवलेली गुळाची ढेप होती. दूध नासू नये म्हणून पातेलं खाली घेऊन गूळ घातला. कॅफेच्या कपात ओतलं, झाकण लावलं आणि खाली नेऊन दिलं. खरं सांगते, त्या नर्सबाईची आठवण मला त्या वेळी झाली नाही. डोक्यात एवढंच होतं की आज निदान एक काम तरी फसलं नाही असं दिसावं.

काकूंनी वास घेतला. घोट घेतला, तोंडात धरला. आणि त्यांचे डोळे भरून आले.

"छलो," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "छलो गं." कप दोन्ही हातांत धरून सगळा संपवला. मला वाटलं, आता सांगावं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ज्यानं केलंय त्येचा हात बघायचाय मला. येत्या रविवारी मी जाणार हाय वर."

"काकू, तिसरा मजला आहे," मी म्हटलं.

"म्हाईत हाय."

तिथेच सांगायला हवं होतं. पण वीस वर्षांत पायरी न चढलेली बाई तिसऱ्या मजल्यावर जाते म्हणतेय, तिचा चेहरा एवढा उजळलाय, आणि मी सांगू की तो मोका तुमच्याच घरात चोरून ठेवलेल्या शेगडीवर झाला? आज सांगते, उद्या सांगते करत आठवडा गेला. मुदखेड म्हणाली, "सांगून टाक, न्हाई तर म्हातारी तिथं जाऊन पडल." मी तिच्यावरच खेकसले.

रविवारी काकू नवी इरकली नेसून निघाल्या. जिन्याच्या तोंडाशी पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मग एक हात माझ्या हातात आणि दुसरा भिंतीवर. मी म्हटलं, "काकू, रेलिंग धरा." तर म्हणाल्या, "लोखंड काय सांगतंय? भिंत सांगती." पायरीगणिक त्या भिंतीला हात लावून थांबायच्या, पुढे पाऊल टाकायच्या. माझी बोटं एवढी घट्ट धरली होती की दुखायला लागली. पहिल्या मजल्यावर मी म्हणाले, "काकू, राहू द्या ना." त्या पुढची पायरी चढल्या. दुसऱ्या मजल्यावर वर्गाचं दार उघडं होतं, आत दोन-अडीचशे मुलं दाटीवाटीनं बसलेली आणि सर रसायनशास्त्र शिकवत होते. काकू दारातच थबकल्या.

"अगं माय," त्या म्हणाल्या, "इत्ती लेकरं वर बसवलेत?" आणि थेट आत गेल्या. "ओ मास्तर, खाली जायला दुसरा जिना हाय का?"

सर खडू हातात धरून बघत राहिले. "नाही मावशी. एकच आहे."

"मग हे समदे कसे उतरायचे? आं? एकदमच उतरायचं झालं तर?"

कुणी हसलं नाही याचं मला आजही नवल वाटतं. सर म्हणाले, "बघतो मावशी." काकू म्हणाल्या, "बघू नका, करा." आणि बाहेर आल्या. त्या वेळी भिंतीला हात लावायचं त्या विसरल्या होत्या.

वर पोचलो. दाराजवळचं टेबल. काठोकाठ पाणी. मोका आला, फेसावर बदाम काढलेला. काकूंनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मग मालक पोराला बोलावलं.

"ह्यो चांगला हाय. पण ह्यो न्हाई. गेल्या रविवारी ह्या पोरीला तूच दिल्ता का दुसऱ्यानं?"

पोरगा माझ्याकडे बघून हसला. "मीच दिला होता काकू. पण या ताईंचा कप तर जिन्यातच सांडला ना? आम्हीच पुसून घेतल्या की पायऱ्या."

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो असा बसतो. मी सगळं सांगितलं. शेगडीसुद्धा. बोलताना मला रडू फुटलं आणि शेजारच्या टेबलावरची पोरं उठून लांब बसली. काकूंनी ऐकून घेतलं. उठल्या आणि जिन्याकडे गेल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. एकट्या भिंतीला धरून तिन्ही मजले उतरल्या. मी चार पायऱ्या मागे.

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत म्हणजे कसं, टोपलीत डबा ठेवायच्या आणि खालून हाक मारायच्या, पण इस्लापूर म्हणून नाही. माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं शाळेच्या हजेरीसारखं. त्यांना ते पाठ होतं. पहिल्या हाकेला मी गॅलरीत आले आणि मला रडूच आलं. इतकं परकं मला लातुरात कुणी केलं नव्हतं, रिपीटर म्हणणाऱ्या सरांनीसुद्धा. मी दोनदा माफी मागायला खाली गेले. दोन्ही वेळा त्या जपाला बसल्या होत्या.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही टेस्टला निघायच्या गडबडीत होतो. मुदखेड वेणी घालत होती. जिन्यावर पावलांचा आवाज आला, एक पाऊल, मग थांबा, मग एक पाऊल. आम्हाला वाटलं कुणाची तरी आई आली असेल. मी दार उघडलं. काकू होत्या. तोंडावर घाम, एक तळवा भिंतीवर. बरोबर कुणी नाही. स्वतःच्या घराचा तिसरा मजला त्या नऊ वर्षांनी पहिल्यांदा बघत होत्या, आणि मुदखेडनं मागच्या मागे शेगडीवर टॉवेल टाकला.

"काढ तो टॉवेल," काकू म्हणाल्या. "आन तू कर. माझ्यासमोर कर."

मी केलं. गडबडीत अर्धा गूळ जमिनीवर पडला. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या, एक पाय आत, एक बाहेर. मी कप दिला. त्यांनी वास घेतला नाही, निकाल दिला नाही, नुसत्या पीत राहिल्या.

"त्या दिशी कामून सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही किती खूश झाला होतात, काकू."

"मग? खरं सांगितलं असतंस तर कमी खूश झाले असते?" त्यांचा आवाज चढला. मग खाली आला. "वीस वरसं हुडकायले गं मी. सोलापूरला गेले, हैदराबादला गेले. आन ते माझ्याच घरात, माझ्याच डोक्यावर शिजायलंय. आन मला पायऱ्या चढता येईनात म्हणून तू मला सांगेनास. मला कीव नगं. मला मोका पाहिजे व्हता."

माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं खरं सुनावलं नव्हतं. मी मान खाली घालून उभी राहिले.

काकूंनी कप माझ्या हातात दिला. दुसरा पाय आत घेतला. खोलीभर नजर फिरवली, पुस्तकांचे ढीग, दोरीवरचे कपडे, भिंतीवर चिकटवलेली हाडांची चित्रं. मग माझ्या खाटेवर बसल्या. उशी हातानं दाबून बघितली.

"पाय दुखायलेत," त्या म्हणाल्या. "जरा पडते."

मुदखेड माझ्याकडे बघून कुजबुजली, "टेस्ट हाय, चल."

"तू जा, मुदखेड," काकू डोळे मिटत म्हणाल्या. "इस्लापूर थांबल हितं." मग एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि बोटानं वर दाखवलं. "तू छताकडं बघत बस. जरा काय हाललं की उठव मला. निजायची न्हाईस. वाचायचं बी न्हाई."

"नाही निजत, काकू."

पाच मिनिटांत त्यांना झोप लागली. मी जमिनीवर बसले, पाठ भिंतीला लावून, मान वर करून. खाली मुलींचा गलका झाला, मग सगळ्या टेस्टला गेल्या आणि घर शांत झालं. काकू हळूहळू घोरायला लागल्या. माझी मान अवघडली, पण मी नजर काढली नाही. पंख्याचा हूक, त्याच्या बाजूनं गेलेली रंगाची एक भेग, कोपऱ्यातलं जाळं, पुन्हा पंख्याचा हूक. दीड तास मी ते छत राखलं. काही हललं नाही.